पीएच तीन, कॉस्टिक शंभर ग्रॅम

“मॅडम, उद्या चार वाजता एल्लप्पनच्या हातात कामावरून काढल्याचं लेटर देतोय,” सेंथिल म्हणाला. “तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये लिहा, ऑपरेटर कॉस्टिक टाकत नाही. बाकी मी बघतो.”

सेंथिल म्हणजे गुम्मिडिपूंडीच्या त्या युनिटचा मॅनेजर. मेकॅनिकल इंजिनिअर, वय चाळीस, घाईत. बोलणं अर्थात तमिळमध्ये चाललं होतं. इथे मराठीत सांगते. एल्लप्पन तिथल्या ईटीपीचा ऑपरेटर. ईटीपी म्हणजे कारखान्याचं घाण पाणी बाहेर सोडण्याआधी शुद्ध करायची जागा. आम्लाचं पाणी पाच हजार लिटरच्या टाकीत जमतं, त्यात कॉस्टिक सोडा, म्हणजे अल्कली, घालून ते उदासीन करतात. पीएच सातच्या आसपास आला की पाणी पुढे सोडायचं.

चार महिने तो सातपर्यंत पोचतच नव्हता. प्रदूषण मंडळाची नोटीस आली होती. पुन्हा सॅम्पल नापास झालं तर युनिट बंद. म्हणून मला बोलावलं. मी सदुसष्ट वर्षांची, दोन नातवंडांची आजी, मैलापूरहून टॅक्सीनं दीड तास. तरुणपणी मी इथेच तीन वर्षं केमिस्ट होते. तेव्हा इथे लोखंडी तार बनायची.

“टाकत नाही कशावरून?”

“रजिस्टर बघा. रोज लिहितोय, कॉस्टिक शंभर ग्रॅम. आणि पीएच? टाकायच्या आधी तीन, टाकल्यावर तीन पूर्णांक एक. जादू आहे का? तो नुसता लिहितो.”

“शंभर ग्रॅमच का?”

“चार्टप्रमाणे.” त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं.

चार्ट लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या. वर मोठ्या अक्षरांत: सर्व आम्लांसाठी. खाली दोन रकाने, पीएच आणि कॉस्टिक. तीनसमोर दोनशे ग्रॅम. त्याखाली लाल शाईत अधोरेखित टीप: सौम्य आम्ल असल्यास निम्मे पुरे. कोपऱ्यात वेलबुट्टीसारखी सही.

सही माझी होती.

मी चष्मा पुसला. सेंथिलला काही सांगितलं नाही. काय करणार, पहिली पाच मिनिटं माणूस स्वतःचीच बाजू घेतो. तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बाहेर गेला.

एल्लप्पन पंपापाशी उभा होता. मी इथे होते तेव्हा तो नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा होता, आता डोक्यावर केस नव्हते.

“अम्मा, तो कागद तुम्हीच चिकटवला होता,” तो हळूच म्हणाला.

“माहीत आहे रे.”

“तुम्ही म्हणाला होतात, यापेक्षा एक ग्रॅम जास्त टाकलास तर बघ.”

“हे पण म्हटलं होतं?”

“बोट नाचवून.”

नाचवलंच असणार. एमएस्सी फर्स्ट क्लास, अंगात स्टार्चचा कोट, आणि ज्ञान असं की भिंतीला चिकटवल्याशिवाय राहवेना. त्या बाईला आज कोणी माझ्यासमोर आणून उभं केलं, तर मी तिला आधी खुर्चीवर बसवेन आणि मग कान पिळेन.

“मग सेंथिलला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही येणार हे कळलं होतं. तुम्हीच सांगाल म्हटलं.”

त्याच्या घरी धाकटीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चाललं होतं, हे मला नंतर कळलं. त्यानं ते सांगितलं नाही.

चूक काय होती ते सांगते. आम्लाच्या रेणूकडे हायड्रोजनचा आयन असतो, तो पाण्यात सुटतो. पीएच मीटर फक्त सुटलेले आयन मोजतो. तारेच्या कामात हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. ते तीव्र, पाण्यात पडलं की सगळेच्या सगळे आयन सुटे. तिथे माझा चार्ट बरोबर होता. चार महिन्यांपूर्वी तारेची लाइन बंद होऊन नायलॉनचं सूत रंगवायची लाइन आली होती. तिथे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं. ते सौम्य.

आमच्या मैलापूरच्या संगीत सभेचंच घ्या. मार्गळी महिन्यातली कच्चेरी, म्हणजे गाण्याची मैफल, चालू आहे, आणि तुम्ही मीटरसारखी फक्त कॅन्टीनमधली माणसं मोजताय. दोन कच्चेऱ्या, दोन्ही कॅन्टीनमध्ये वीस-वीस माणसं. पण एका ठिकाणी गाणं असं की सगळा हॉल उठून आलाय, आत होतेच वीस जण. दुसरीकडे शंभरातले दोनच उठलेत. आत हजार बसलेत. या वीस जणांना वडा खायला घालून घरी पाठवा, आतून आणखी उठून येतात. कॉस्टिकचं काम हेच, सुटलेल्यांना वाटेला लावायचं.

माणसं किती सहज उठतात, याचा आकडा म्हणजे डिसोसिएशन कॉन्स्टंट, मराठी पुस्तकातला विचरण स्थिरांक. मोठा असला तर आम्ल तीव्र, लहान असला तर सौम्य. ॲसिटिकचा साधारण लाखात एक पूर्णांक आठ. बेस म्हणजे आयन ओढून घेणारे, कॉस्टिकसारखे; त्यांचंही असंच, त्यांचाही स्थिरांक असतो. आणि दोघांचं नातं उलटं: आम्ल जितकं सौम्य, तितका त्याचा मागे उरलेला भाग आयन परत ओढणारा, म्हणजे बेस म्हणून जास्त जोरदार.

आणि मी काय समजले होते? सौम्य म्हणजे गरीब बिचारं, त्याला निम्मंच पुरेल! सौम्य हा शब्द सुटण्याच्या सवयीबद्दल आहे, आत किती माल आहे त्याबद्दल नाही. हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहून आले होते.

सेंथिल परत आला. “झाला का रिपोर्ट?”

“नाही. दोन बीकर आण, ब्युरेट आण.”

“मॅडम, वेळ नाही.”

“चारपर्यंत आहे की. उद्याच्या.”

एका बीकरमध्ये पातळ हायड्रोक्लोरिक, शंभर मिलिलिटर. दुसऱ्यात टाकीतलं पाणी, तेवढंच. मीटर सेंथिलच्याच हातात दिला. दोन्हीकडे तीन. दोन्हीत फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले; आम्ल संपलं की ते गुलाबी होतं.

पहिल्या बीकरमध्ये ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, कॉस्टिकचं पातळ द्रावण थेंब थेंब सोडलं. एक मिलिलिटर. गुलाबी.

दुसऱ्यात एक. काही नाही. दहा. काही नाही. तीस. सेंथिल खुर्ची ओढून बसला. पन्नासला ब्युरेट रिकामी झाली.

“अजून?” तो म्हणाला.

“भर.”

सत्तावन्नला गुलाबी झालं.

“पीएच सारखा, आणि सत्तावन्न पट?”

“टाकीला अकरा किलो लागतं. एल्लप्पन शंभर ग्रॅम टाकत होता. अगदी इमानदारीत. चार्टप्रमाणे.”

“मग हा चार्ट कुठल्या गाढवानं केला?”

एल्लप्पन पंपाचा बोल्ट घट्ट करायला लागला. तो बोल्ट घट्टच होता.

“मी,” मी म्हटलं. “खाली सही आहे. गाढवाची.”

सेंथिल लाल झाला. “सॉरी मॅडम, मला...”

“सॉरी त्याला म्हण. आणि ते लेटर आत्ता माझ्यासमोर फाड.”

“रिपोर्ट आल्यावर...”

“रिपोर्ट मीच लिहिणार आहे ना? कारण: चार्ट चुकीचा. चूक कोणाची: माझी. ऑपरेटरनं सूचना तंतोतंत पाळल्या. यातला एक शब्द बदलणार नाही. मंडळाच्या माणसाला मी स्वतः सांगेन.”

त्यानं फाडलं. फार आनंदानं नाही, पण फाडलं.

दुपारी अकरा किलो कॉस्टिक थोडं थोडं पाण्यात विरघळवून टाकीत सोडलं. शेवटचा किलो फार सावकाश. तिथे पीएच एकदम उडी मारतो. संध्याकाळी मीटर सातवर. ॲसिटेट, म्हणजे ॲसिटिकचा मागे राहिलेला भाग, पाण्यात उरतंच, त्यासाठी जिवाणूंची वेगळी टाकी हवी, तेही रिपोर्टमध्ये घातलं. सेंथिलनं कपाळाला हात लावला. पण पुढच्या आठवड्यात पीएचचं सॅम्पल पास झालं आणि टाकीसाठी मुदत मिळाली.

चार्ट मी सुरीनं खरवडून काढला. त्या जागी नवा लावला नाही. एल्लप्पनला टायट्रेशन शिकवलं, म्हणजे ब्युरेटनं मोजायची तीच पद्धत. तिसऱ्या खेपेला त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. आता तो रोज मोजतो आणि मगच कॉस्टिक टाकतो. मी जाताना त्यानं विचारलं, “अम्मा, दुसऱ्या कुठल्या कंपनीत असले कागद चिकटवलेत?”

दोन ठिकाणी. दोघांनाही फोन केला. एक बंद पडली आहे. दुसरीकडच्या मुलीनं सांगितलं, चार्ट आहे, फार उपयोगी आहे. तिला म्हटलं, काढ तो, मी सोमवारी येते.

मीटरला वीस सेकंद लागतात, टायट्रेशनला वीस मिनिटं. मधला वेळ वाचवायला जाऊन मी एका माणसाची नोकरी घालवत होते.