धम्मरत्नच्या नऊजणी

पांढरकवड्याच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर आधार कार्ड अन् सात-बारा. पण महिन्यातून एकदा आमचा धम्मरत्न पेंटर येते, काळ्या शाईनं काढलेली कॉमिकची बारा पानं काउंटरवर आपटते अन् म्हणते, "उज्ज्वलाताई, चाळीस कॉप्या. अन् काळं नीट येऊ द्या, मागच्या टाइमले राक्षस फिक्का पडला होता."

जसा काही राक्षस माझ्याच मशीननं आजारी पाडला! असा तिखट माणूस. पण हात मात्र सोन्याचा.

आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आलं तवापासून शाळांच्या भिंतींवर पाढे अन् नकाशे काढते. चौतिशीचा गडी, लग्नाचं विचारलं का म्हणते, "आधी राक्षस मरू द्या." केळापूरकडं एका शाळेची भिंत रंगवता रंगवता त्यानं पोरींची खो-खोची टीम पाहिली अन् याच्या डोक्यात किडा शिरला. नऊही पोरी त्यानं कॉमिकमध्ये सुपरहिरो करून टाकल्या, खऱ्या नावांसकट. कोणी तांड्यावरची, कोणी बुद्धविहाराजवळची, एक कोलामांच्या पोडावरची. वैरी म्हणजे वणीकडच्या कोळशाच्या धुरातून उठलेला धुरासूर. लढाई खो-खोच्या नियमानं. आठजणी रांगेत बसलेल्या, शक्ती एकटीच्या अंगात. तिनं दुसरीच्या पाठीवर खो दिला का शक्ती तिकडं. एकटीच्यानं काहीच होत नाही, हीच तं गंमत! पोरं तो अंक फाटेस्तोवर वाचत.

सातव्या अंकात घोळ झाला. शेवटच्या पानावर तांड्यावरच्या पायलनं सूर मारलेला, तोंड मातीत, धुरासुराची टाच बोटभर दूर, अन् मागे आठजणी रांगेत बसलेल्या. बाकीचं पुढच्या अंकात.

पायलची आजी तानाबाई. सारा तांडा तिले याडी म्हणते, म्हणजे आई. तिले वाचता येत नाही, पण चित्र मोठं बारीक पाहते. तिनं ते पान पाहिलं अन् फर्मान काढलं, पायल यवतमाळले जाणार नाही. जिल्ह्याच्या मॅचा दोन दिवसांवर, अन् टीमची सगळ्यात जोरात पळणारी पोरगी घरात! टीमचे रामसिंग सर तणतणत माझ्या दुकानात आले. धम्मरत्न तिथंच उभा होता.

"पेंटर, तुमच्या चित्रानं माझी टीम बुडवली!"

धम्माचं तोंड एवढुसं झालं. मले त्याची दया आली. शटर ओढलं, त्याले स्कूटीवर मागे बसवलं अन् तांड्यावर नेलं.

तानाबाई अंगणात तूर निवडत होती. पायल दारात, रडून रडून डोळे सुजलेले.

"याडी, चित्रात पायल मेली नाही ना. नुसती पडली," धम्मा म्हणाला.

"ते समजते मले. खेळात लेकरू पडतेच." तिनं अंक उघडून पानावर बोट ठेवलं. "पण ह्या आठजणी पाह्य! पोरगी तोंडावर पडली अन् ह्या उकिडव्या बसून! एकीचं तरी बूड हाललं? अशायसंगं माही पोरगी परगावी कायले धाडू मी?"

मले हसू फुटलं. याडीनं असं पाहिलं का तिथंच गिळलं.

धम्मानं जीव तोडून समजावलं. खो भेटल्याशिवाय उठता येत नाही, उठलं तं फाउल, फाउल झाला का राक्षस सुटते.

"सुटू दे ना! राक्षस काय, उद्या बी भेटन. लेकरानं कोणाच्या भरोशावर पडाचं?"

धम्मानं ते पान पुन्हा एकदा निरखलं. मग म्हणाला, "बरोबर आहे याडी. माझं चुकलं." माझ्या दुकानात या माणसानं आजवर एक चूक कबूल केली असन तं शपथ! तिथंच बाजेवर बसून त्यानं नवीन पान काढलं. आठही पोरी उठून पायलले उचलून राह्यल्या, अन् मागे धुरासूर पळून राह्यला.

"अरे, हिरो हारले की!" मी म्हटलं.

"हारू द्या."

तानाबाईनं ते पान किती तरी वेळ पाहिलं. आठही डोकी बोटानं मोजली. "जाय," ती पायलले म्हणाली. त्या पानाच्या नऊ कॉप्या मी त्याच दिवशी काढून दिल्या, एकेका पोरीले एक.

यवतमाळले मी अन् धम्माही गेलो. सेमीफायनलचं शेवटचं मिनिट. समोरची एक पोरगी बाद केली का मॅच आपली. पायलनं सूर मारला, अन् आपटली अशी का उठेचना. पंचाची शिट्टी व्हायच्या आधी आमच्या आठही पोरी जागा सोडून तिच्याकडं धावल्या. तेवढ्यात समोरची निसटली, फाउल झाला, वेळ संपला. हारलो. सरांनी टोपी जमिनीवर आपटली. मी धम्माकडं पाहिलं तं हा बाबा डोळे पुसत टाळ्या वाजवून राह्यला!

संध्याकाळी एसटीतून पोरी गाणे म्हणत उतरल्या. पायलच्या गुडघ्याले पट्टी, दोन्ही हात दोघींच्या खांद्यावर. तानाबाई स्टँडवर उभीच होती.

"जितले?"

"जिंकतच होतो हो!" सर चिडले. "ही पडली अन् बाकीच्या आठजणी नियम मोडून उठल्या. म्हणून हारलो."

तानाबाईनं एकेका पोरीच्या तोंडावरून हात फिरवला अन् आपल्या कानशिलावर बोटं मोडली. आठही झाल्यावर सरांकडं वळली.

"सर, आता हिले दिल्लीले नेलं तरी मले इचारू नका."