खिळ्यावरची चुकांची वही

दुसऱ्याची चूक ऐकून जिचा चेहरा खुलतो आणि तरी जिचा राग येत नाही, अशी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. त्या म्हणजे आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या, बायकांच्या वार्डच्या इन्चार्ज सिस्टर. ड्यूटीवर आलं की बाकीचे लोक नमस्कार करतात, या विचारायच्या, "हं, आज काय चुकलं?" काहीच चुकलं नाही म्हटलं की कपाळाला आठ्या. टेबलाजवळच्या खिळ्याला सुतळीने एक वही बांधलेली असे, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन. त्यात ज्याने त्याने आपापली चूक लिहायची. सगळ्यात जास्त चुका अर्थातच सिस्टरांच्या. "आज हात न धुता बाळाचा गालगुच्चा घेतला." "आज साहेबांवर ओरडले. ओरडणं बरोबर, वेळ चूक." एकदा नवे डॉक्टर राउंडला आले आणि थेट एका बाळंतिणीच्या टाक्यांना हात लावायला निघाले, तर सिस्टर साबण घेऊन आडव्या. डॉक्टर म्हणाले, "अहो, मी शिकलेला माणूस आहे." सिस्टर म्हणाल्या, "तुमी शिकेल हा साहेब, पन तुमच्या हातावरचे जंतू नाई ना शिकेल!" सगळा वार्ड खो खो हसला आणि डॉक्टर मुकाट्याने नळाकडे गेले.

सरकारी कागदांवर 'निरंक' नावाचा एक लाडका शब्द असतो. तक्रारी निरंक, त्रुटी निरंक, अपघात निरंक. साहेबलोकांना या शब्दाने जो गारवा मिळतो तो वाशीमच्या मे महिन्यात कूलरनेही मिळत नाही. सिस्टरांचं आणि या शब्दाचं मात्र हाडवैर. "निरंक लिवनारा एक तं देव असते, नाई तं झोपेल असते," म्हणायच्या, आणि रिपोर्टाच्या त्या रकान्यात दर महिन्याला आमच्या चुकांचा आकडा टाकून अधीक्षक साहेबांचं रक्त आटवायच्या.

मी तेव्हा कंत्राटी नर्स होते. नवरा कामासाठी बाहेरगावी, पदरात जेमतेम वर्षाची पोरगी, आणि कंत्राट पुढे चालू राहणार की नाही त्याची यादी लागायची होती. अशात ती दुपार आली. आमच्या वार्डात चार नंबरच्या पलंगावरचा पंखाच काय तो मन लावून फिरायचा. चार नंबरवर एक साखरेच्या आजाराच्या मावशी होत्या, मोठ्या दिलदार. मेडशीहून हगवण लागून आलेल्या एका म्हातारीला उन्हाने तलखी होतेय बघून त्यांनी आपला पलंग तिला दिला आणि स्वतः नऊ नंबरवर जाऊन पडल्या. कोणाला सांगायची गरज काय? मी जेवणाआधीची इन्सुलिनची सुई भरली, पलंगाचा नंबर पाहिला आणि म्हातारीला टोचून मोकळी झाले. अर्ध्या तासाने नऊ नंबरवरून हाक, "काहून व पोरी, माह्या सुईले आज सुट्टी हाय का?"

मी चार नंबरकडे धावले. म्हातारीला घाम फुटला होता, साखर उतरल्यावर फुटतो तसा. पण मे महिन्यात घाम कोणाला फुटत नाही? गप्प राहिले असते तर उन्हावर खपून गेलं असतं. यादी डोळ्यांपुढे, पोरगी डोळ्यांपुढे. तरी पाय सिस्टरांकडे वळले. सांगितलं तशा त्या उठल्या. म्हातारीला आधी साखरेचं पाणी पाजलं, मग डॉक्टरांना बोलावून ग्लुकोजचं सलाईन, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून स्वतः साखर तपासत राहिल्या. म्हातारी वाचली. मग तिच्या लेकाला बोलावून सांगितलं, "आमच्या हातून चूक झाली, दादा." लेक वाट्टेल ते बोलला. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही काढून माझ्याकडून पानभर लिहून घेतलं: चालू पंखा एकच, म्हणून पलंग बदलले; सुई नंबर पाहून दिली.

महिन्याभराने मूल्यांकनाची समिती येणार म्हणून दवाखान्याची रंगरंगोटी सुरू झाली. अधीक्षक म्हणाले, "बाई, तेवढं सुईचं पान काढून टाका." सिस्टर म्हणाल्या, "काढतो की! पन मंग पान फाडलं, हे बी लिवा लागन." समितीच्या मॅडमनी वही चाळली आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. "इतक्या चुका? शेजारच्या तालुक्यात तर निरंक आहे! आणि ही सुई कोणी दिली? नाव कुठंय?"

"वहीत नाव नाई लिवत जी आमी, कारन लिवतो. पलंगाचा नंबर पाहून सुई द्याची पद्धत मीच पाडली व्हती. आता नाव इचारून देतो."

"पण चूक करणारीचं नाव लागेल."

"मंग माहं लिवा. वार्ड माहा हाय."

मी त्यांच्या मागेच उभी होते, हातात ट्रे घेऊन. 'मॅडम, मी,' एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही म्हणाले नाही.

यादीत माझं नाव आलं. सिस्टरांना नोकरीच्या शेवटच्या वर्षात कारणे दाखवा नोटीस आली, आणि उत्तम नर्सिंगचं बक्षीस शेजारच्या निरंक तालुक्याने नेलं. त्या पानामुळे सिस्टरांनी मागे लागून वार्डातले सगळे पंखे दुरुस्त करून घेतले होते. समितीने पंख्यांना पैकीच्या पैकी गुण दिले, पानाला शून्य.

निवृत्तीनंतर सिस्टर आसेगावला राहतात. मागच्या रविवारी गेले तर अंगणात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, समितीसमोर मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "बोलली असती तं मीच तुले चूप बसवलं असतं. पोरगी केवढीशी व्हती तुही." मग एक खडा वेचून टाकत म्हणाल्या, "नोटिशीचं वाईट वाटलं मले, खोटं काहून सांगू? चार दिवस जेवन गोड नाई लागलं. पन त्या दुपारी तू लपवलं नाई, माह्याजवळ आली. कोनी असं यावं, म्हनून तं ते वही बांधली व्हती व बाई."

मी शेजारी बसले. सूप पुढे ओढून मी खडे वेचू लागले, पण डोळे इतके भरून आले की खडा कोणता आणि डाळ कोणती ते दिसेना.