घारपुरे सरांचा सिग्नल

दुपारचं जेवण अंगावर आलंय. व्हॅक्यूम पंप घरघरतोय, आणि शर्वाणी गुळवणी "पाचच मिनिटं" म्हणत टेबलावर डोकं टेकवते. झोप कसली लागतेय म्हणा! उद्या या प्रयोगशाळेला कैलासवासी घारपुरे सरांचं नाव द्यायचंय, आणि त्यांच्या शोधाचे गोडवे कोणी गायचे? तर त्यांनी इथून हाकललेल्या, आणि ते गेल्यावर परत आलेल्या याच विद्यार्थिनीनं.

"अगं, सॅम्पल असं उघडं टाकतात का?"

सर समोर उभे. शर्वाणीला भीती वाटत नाही. बरे सापडलात, असंच तिच्या मनात येतं.

टेबल तेच आहे, पण भोवती मंगल कार्यालय आहे. पंगत बसलीय, सगळे पदार्थविज्ञानवाले भुरके मारतायत, आणि पानांच्या मधोमध प्रयोगाचं चुंबक मांडलंय.

"उद्या काय बोलणार आहेस?" सर विचारतात.

"खरं ते."

खरं साधंच होतं. सरांचा दावा असा, की इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याच्या अंगचं इवलंसं चुंबकत्व, त्यांच्या सेंद्रिय अर्धवाहकाच्या थरातून शाबूत पलीकडे पोचतो. शर्वाणी म्हणत होती, मऊ भातात गरम तूप जिरावं तसा थरावर चढवलेला कोबाल्ट धातू थरात शिरलाय, खालच्या धातूला जाऊन चिकटलाय, थरातून काही गेलेलंच नाही. तपासायचं तर सॅम्पल चुंबकात नव्वद अंशांत वळवा. स्पिन खरंच थरातून जात असतील तर वाटेत गरगरतील आणि पलीकडे मिळणारा सिग्नल पडेल. सरांनी ते कधी करू दिलं नाही. वर शोधनिबंधातून तिचं नाव उडवलं, आणि तिची चार वर्षं पाण्यात गेली.

"मेलेल्या माणसाची अब्रू काढणार तू?"

"जिवंत होतात तेव्हा माझी काढलीत ना? मग!"

वाढपी जिलेबीचं ताट घेऊन वळतो, आणि ती दोघं चुंबकासकट सरांच्या केबिनमध्ये असतात. पंगतीचा आवाज भिंतीतून येतोय.

"वळवा," शर्वाणी म्हणते. "तुमच्या हातानं."

"सिग्नल पडेल. बघच तू." सरांना अजूनही खात्री आहे! ते सॅम्पलची पट्टी धरून वळवतात, चुंबकाचं बटण दाबतात आणि पडद्याकडे बघत राहतात.

सिग्नल पडत नाही. ढिम्म.

"वाचा की. मोठ्यानं."

सरांचा चेहरा उतरतो, आणि शर्वाणीचा जीव असा थंड होतो की काय सांगावं. दया? छे, तिळभरही नाही.

"तेव्हा जरा हळू सांगितलं असतंस," सर पुटपुटतात, "तर ऐकलं असतं मी."

"हळूच सांगितलं होतं, सर. इथंच, दार लावून. म्हणून तर मला गुपचूप हाकलता आलं तुम्हाला. उद्या माइक आहे."

"शर्वाणी, माझं ऐक..."

ती मान वर करते. गालावर टेबलाच्या कडेचा वळ उमटलाय. पंप चालू आहे, खोलीत कोणी नाही.

चुंबकाचं वेटोळं हाताला चांगलंच गरम लागतं. सॅम्पलची पट्टी नव्वद अंशांत वळलेली आहे, आणि पडद्यावर रेघ सरळ गेलीय, कुठंही न पडता.

शर्वाणी तोंडावर पाणी मारून येते. मग उद्याच्या भाषणातला सरांचा हसरा फोटो काढून टाकते, आणि पहिल्याच स्लाइडवर ती रेघ लावते.