पावसाचा रकाना

अर्ज लिहिणारा: मी स्वतः, शिक्षण नववी, अनुभव अठ्ठावीस वर्षे. ठिकाण: शेवगाव तहसील कचेरीसमोर लिंबाखालचे माझे टेबल. दिवस: पोळ्यानंतरचा सोमवार, वर्ष जुने. साक्षीदार: चहावाला दगडू, हल्ली हयात नाही.

यंदाच्या पुरात भिजलेले सातबारे घेऊन आज लोक आले. त्या कागदांना गाळाचा वास होता, आणि त्या वासाने मला नदीकाठच्या सखूबाई आठवल्या. त्या जुन्या वर्षीच्या पुरात त्यांच्या दोन्ही म्हशी दावणीलाच बुडाल्या होत्या. घर त्या दुधावरच चालत होते.

त्यांच्या भरपाईच्या अर्जात मी रिवाजाप्रमाणे "अतिवृष्टीमुळे" असे लिहिले आणि वाचून दाखवले.

"पाऊस कुठं हुता, भाऊसाहेब? लख्ख ऊन हुतं. धरनाचं पानी सोडलं, आन् सांगितलं न्हाई कुनी."

"मावशी, छापील अर्जात रकाना पावसाचाच आहे. कायदा मला शिकवू नका."

दगडू हसला. "शिका की, फुकट हाय!"

सखूबाईंनी अंगठा दिला आणि शाई न पुसता तशाच उभ्या राहिल्या.

महिन्याने उत्तर आले: सदर दिवशी त्या गावी पावसाची नोंद नाही, सबब अर्ज फेटाळला. ते त्यांना वाचून दाखवताना मला काहीच वाटले नाही. आजही काय वाटावे ते कळत नाही. त्या वर्षी सखूबाई प्रथमच ऊसतोडीला गेल्या.

तरी मेहेरबान साहेबांस विनंती की, तो अर्ज पुन्हा उघडावा. बाई खरे सांगत होत्या. खोटे मी लिहिले. उत्तर मला नको, त्यांच्या पत्त्यावर द्यावे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून कोणीतरी जाऊन वाचून दाखवावे.