दुभाषी
मल्लेश्वरमच्या बाजारात भाजीवाली कोथिंबिरीच्या जुडीवर चार काड्या जास्त ठेवत "स्वल्प" म्हणते, तेव्हा अजूनही माझी मान खाली जाते. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडेसे. नव्वदच्या दशकात, लग्नाला वर्ष होताच, नागपूरहून आलेल्या माझ्या पत्नीला मी मनोविकारतज्ज्ञांकडे नेले होते. तिला कन्नड येत नव्हते आणि डॉक्टरांना मराठी-हिंदी. म्हणून दुभाषी मीच झालो. फिनाईलच्या वासाने कोंदलेल्या त्या खोलीत ती हुंदका आवरत म्हणाली, "या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. हेसुद्धा नाही. मला जगावंसंच वाटत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. घराची अब्रू जपत मी कन्नडमध्ये एवढेच सांगितले, "स्वल्प बेजारु." म्हणजे, थोडीशी कंटाळली आहे. बाजारात शिकलेला तो शब्द तिला कळला. ती ताडकन उठली. "स्वल्प? मी काय कोथिंबीर मागत होते का हो?" आणि डॉक्टरांची चिठ्ठी न घेताच बाहेर पडली. पुढे महिनाभर चौकशी करून तिनेच मराठी बोलणाऱ्या एक समुपदेशक बाई शोधल्या. त्यांच्या दारात मला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. माझं मी सांगीन." बंद दाराआडून तिचा चढलेला, संतापलेला आवाज तासभर येत राहिला; मध्ये तिला कुणी थांबवले नाही. बाकावर मीही धुमसत होतो. माझी बायको जगण्याविषयी बोलत होती, आणि परक्या बाईसमोर माझी बदनामी होते आहे, एवढेच मला सुचत होते. आज पन्नाशी उलटल्यावर मला संताप येतो तो त्या बाकावरच्या माणसाचा.