बी विंगमागची कळलावी

रानफुलाला मराठी नाव असताना लॅटिन मिरवायचं नाही, हा माझा हट्ट. त्यापायी एकदा माझी चांगलीच वाट लागली.

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीची मागची भिंत नॅशनल पार्कच्या बाजूला आहे. श्रावणात तिथे तेरडा, कुर्डू असं काय काय उगवतं आणि मी मोबाइल घेऊन चिखलात बसते. सोबत बी विंगमधली माझी मैत्रीण असते. मी फोटो काढते, ती बडबडते. इकडचं तिकडे करायची तिला सवय, त्यामुळे बिल्डिंगमधले लोक तिला जरा टरकूनच असतात. मला मात्र तिच्याशिवाय करमत नाही.

त्या सकाळी ती आली नव्हती आणि नेमकी मला बी विंगच्या मागे कळलावी दिसली. खाली पिवळ्या, वर लालभडक पाकळ्या, आणि पानाचं टोक कुंपणाच्या तारेला गुंडाळलेलं. ओळखायची खूण तीच. आनंदाच्या भरात मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "आपल्या बी विंगला कळलावी! किती दिवस शोधत होते, आज सापडली!" मागोमाग फोटो पाठवला आणि भाजी आणायला गेले.

मेसेज पोचला, फोटो रेंज नसल्यामुळे अडकला.

परत येऊन बघते तर ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एकाने लिहिलं होतं, "तुम्हाला आत्ता कळलं?" मैत्रीण ग्रुपमधून बाहेर पडली होती आणि माझा फोन उचलत नव्हती. एका फुलापायी माणूस गमवायची वेळ आली होती.

तिचं दार वाजवलं. "अगं, फुलाचं नाव आहे ते!"

"चल, फुलाचं असलं नाव असतं का?"

"कळ म्हणजे बाळंतपणाची कळ. पूर्वी त्या कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरायचे."

"काहीही फेकू नकोस."

शेवटी हाताला धरून तिला खाली आणलं. ती वाकून वेल बघू लागली.

"बिल्डिंग मला काय म्हणते ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तू पण तेच म्हणालीस असं वाटलं ना, ते लागलं."

माझे डोळे भरून आले.

तिने ओढणी सारखी केली आणि वेलाशेजारी जाऊन उभी राहिली. "झकास आहे यार ही. काढ आमचा दोघींचा फोटो. आणि टाक ग्रुपवर, नाव न लिहिता. ज्याला जी ओळखायची ती ओळखू दे."