मुकादमाने शिकवलेला प्रश्न

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्याने ऊस तोडायचा, तिने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. एक बसलं की दुसऱ्याचा काही उपयोग नाही. म्हणून आमच्यात मुकादमाने लक्ष घातलं. त्याला आमच्या संसाराची काळजी होती असं कुणी समजू नये.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही पाथर्डीकडून शिर्डीच्या बाजूला तोडीला गेलो होतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहाटे उठून भाकऱ्या, मग दिवसभर फड, आल्यावर पाणी, चूल, बैलांना उसाच्या शेंड्यांचं वाढं. नवरा वाईट नव्हता. मारत नव्हता, पीतही नव्हता. पण "मोळी उचल" आणि "वाढ" याखेरीज बोलत नव्हता. मीही मग बोलणं सोडलं. एके सकाळी मी उठलेच नाही. आजारी नव्हते, पण उठायची इच्छाच मेली होती. त्याने दोन हाका मारल्या आणि बैलांपाशी जाऊन बसला. त्या दिवशी आमची गाडी रिकामी राहिली.

संध्याकाळी मुकादमाने आम्हा दोघांना आपल्या पाचटाच्या कोपीपुढे बसवलं. मला म्हणाला, "सूनबाई, तुला काय पायजे ते बोल. लाजू नको."

तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं, बापानेही नाही. मला रडू आलं. त्या रडण्याचा मला आजही राग येतो.

"काय न्हाई," मी म्हणाले. "दिसातून एकदा इचारावं, दमलीस का म्हनून."

"एवढंच व्हय?" मुकादम नवऱ्याकडे वळला. "आरं, मग इचारत जा की. तुजं काय जातंय?"

नवऱ्याने मान डोलावली आणि शब्द पाळला. रोज फडातून आलं की कोपीच्या दाराशी टेकायचा, विडी पेटवायचा आणि विचारायचा, "दमलीस का?" मी "न्हाई" म्हणायचे. पहिले काही दिवस सुखाने म्हणायचे, खोटं कशाला सांगू? शेजारच्या कोपीतल्या बायका माझा हेवा करायच्या. आमची गाडी रोज भरत होती, मुकादम खूश होता.

संक्रांतीनंतर एकदा मी डोक्यावरच्या मोळीसकट पडले. गुडघा फुटला. फडकं बांधून उरलेल्या मोळ्या वाहिल्या. तो हे सगळं बघत होता. संध्याकाळी त्याने विडी पेटवली आणि विचारलं, "दमलीस का?"

"व्हय," मी म्हणाले. "लई दमले."

त्याने विडी तोंडातून काढली. याच्या पुढचं मुकादमाने त्याला काही सांगितलंच नव्हतं. मी कळशी हातात धरून उभी होते. त्याने ती नुसती हातातून घेतली असती तरी मला पुरलं असतं.

विडी विझवून तो म्हणाला, "मग आज भाकरी जरा लवकर टाक. म्हंजे लवकर निजशील."

मी चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. पुढे तो जाईपर्यंत, तीसेक वर्षं, एक दिवस चुकवला नाही. मीही "न्हाई" सोडून दुसरं उत्तर कधी दिलं नाही.